आवक-जावक : आईच्या माहितीचा पाठपुरावा

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सातारा

सकाळी पावणेदहाला आईच्या फोनवर औषधांच्या ॲपचा संदेश आला. बाबांचं नाव, पुढे 'आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, आजच मागवा'. बाबांना जाऊन साडेतीन वर्षं होत आली. मी हादरले, पण आई शांतपणे म्हणाली, "दर चौथ्या सोमवारी येतो. मी पुसून टाकते." इतके दिवस मला बोलली नव्हती.

दुपारी अडीचला दुसरा प्रकार. कुठल्याशा केंद्रातून एक मुलगी बोलत होती, "काकू, डाव्या गुडघ्याचा त्रास कसा आहे आता?" आईला वाटलं, गल्लीतली कुणीतरी. चार वाक्यांनंतर शस्त्रक्रियेचं पॅकेज निघालं. सप्टेंबरमध्ये आईने त्याच ॲपवरून गुडघ्याचा पट्टा आणि कॅल्शियम मागवलं होतं, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो चढवला होता. चिठ्ठीत 'डावा गुडघा' असं स्पष्ट लिहिलंय. फोन करणारीला तो तिथूनच कळला हे सिद्ध करता येत नाही. पण विचारता तर येईल.

विचारायचं ठरलं. मी म्हटलं, कस्टमर केअरला फोन लावते. आई म्हणाली, "फोन नाही. कागद."

आई जिल्हा परिषदेत ३१ वर्षं होती, त्यातली नऊ आवक-जावकच्या टेबलावर. संध्याकाळी पोवई नाक्यावरून दोनशे पानी वही आणून तिने पट्टीने रकाने आखले : जावक क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, पोच, स्मरणपत्र, निकाल, शेरा. मी एक्सेल उघडून बसले होते, ते बंद केलं. (नंतर गुपचूप पुन्हा उघडलं. दोन्हीकडे नोंद ठेवतेय.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कायदा वाचला. जीएसटीच्या अधिसूचना वाचून वाचून राजपत्राची सवय झालेली आहे, तरी दोन तास गेले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. नियम आत्ता, गेल्या आठवड्यात आले. मी खुशीत होते. कलम ११ म्हणतं की कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे, तिचं काय करतात आणि ती कुणाकुणाला दिली, हे मागता येतं. कलम १२ प्रमाणे दुरुस्त करून आणि पुसून घेता येतं. १३ तक्रारीचं. १४ सगळ्यात वेगळं : आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरायचे त्याचं नामनिर्देशन. बाबा गेले तेव्हा हा कायदाच नव्हता.

मग अंमलाची तारीख वाचली. डेटा संरक्षण मंडळ स्थापन करण्याची कलमं लगेच लागू, आणि आपल्या हक्कांची कलमं अठरा महिन्यांनी. म्हणजे मे २०२७.

आईला वाचून दाखवत होते. तिचं लक्ष भलतीकडेच गेलं. याच कायद्याच्या कलम ४४ मध्ये माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ) बदललंय. सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती उघड करायची त्या पोटकलमातली मुभा काढून टाकली आहे. आणि हा बदल लगेच लागू. आईने निवृत्तीआधीची काही वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज हाताळलेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस, पहिलं अपील, सगळं तोंडपाठ. चष्मा काढून म्हणाली, "मागायचा हक्क दीड वर्षानं, आणि न देण्याची सोय आजपासून. छान."

कलम १५ ऐकून तर हसायलाच लागली. खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर अर्जदाराला दहा हजारांपर्यंत दंड. कंपनीने सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत, हेही मी सांगितलं. ते तिला फारसं पटलं नाही. "तो लागेल तेव्हा बघू."

१९ नोव्हेंबर, बुधवार

हातात सध्या काय आहे, ते शोधलं.

एक : माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे एप्रिल २०११ चे नियम, संवेदनशील वैयक्तिक माहितीचे. चौदा वर्षं जुने, कुणी नावही घेत नाही, पण नव्या कायद्याची ती कलमं लागू होईपर्यंत हेच चालू. त्यात आरोग्याची माहिती संवेदनशील धरली आहे. नियम ५ : आपण दिलेली माहिती आपल्याला बघता आली पाहिजे, चुकीची असेल तर दुरुस्त झाली पाहिजे, संमती लेखी मागे घेता आली पाहिजे, गरजेपेक्षा जास्त काळ ती ठेवता कामा नये, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने महिन्याच्या आत तक्रार सोडवली पाहिजे. नियम ६ : तिसऱ्याला देण्याआधी आपली परवानगी.

दोन : २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम. अठ्ठेचाळीस तासांत पोच, महिन्यात निवारण.

'अठ्ठेचाळीस तासांत पोच' ऐकल्यावर आईला पहिल्यांदा हुरूप आला. पोच हा तिचा शब्द आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटवर असावंच लागतं. ते आहे. मुख्य पान खाली, खाली, अगदी तळाशी, राखाडी रंगात 'प्रायव्हसी', तिथून इंग्रजीत लांबलचक धोरण, त्याच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. आई म्हणाली, "सूचना फलक संडासाच्या भिंतीवर लावल्यासारखं."

मसुद्यावरून आमचं वाजलं. मी एकाच पत्रात पाच मागण्या घातल्या होत्या. आईने लाल पेनाने पत्र दोन तुकड्यांत तोडलं. एका कागदावर एकच विषय. तिचं म्हणणं असं की एका अर्जात पाच प्रश्न असले की समोरचा त्यातल्या सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि नस्ती, म्हणजे फाइल, बंद करतो. मी हो म्हटलं, पण मनातून नाही. (५ डिसेंबरची नोंद पाहा.)

जावक क्र. १, मराठीत :

'विषय : माझ्याबाबत आपल्याकडे असलेली माहिती पाहावयास मिळणेबाबत.
संदर्भ : माहिती तंत्रज्ञान नियम २०११, नियम ५(६).
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, माझ्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकाशी जोडलेली सर्व माहिती, म्हणजे मागण्या, चिठ्ठ्यांची छायाचित्रे, कुटुंबातील व्यक्तींच्या नोंदी, पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी, यांची प्रत मला ईमेलने मिळावी. खाते बंद करण्याची ही विनंती नाही.'

शेवटचं वाक्य माझं. ते घातल्यावर आई म्हणाली, "हं, हे बरंय."

जावक क्र. २ : माहिती कोणकोणास दिली, त्यांची नावं आणि माझी परवानगी केव्हा घेतली त्याचा दिनांक.

मराठीत पाठवू की इंग्रजीत, यावर मी घुटमळले. नव्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीतही. आईला असल्या आधाराची गरज वाटली नाही. "गोळ्या विकताना ॲप मराठी बोलतंय ना? मग अर्ज पण मराठीच वाचेल."

सायंकाळी ६.१० ला दोन्ही मेल गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोच आली, शनिवारी पहाटे, यंत्राकडून. दोन वेगळे तिकीट क्रमांक. आईने वहीत उतरवले, अक्षर बघत राहावं असं.

ॲपमधल्या चॅटवर पण एक निरोप होता : 'तुम्हाला खातं डिलीट करायचं आहे का? इथे दाबा.' लाल बटण. दाबलं असतं तर काय झालं असतं? खातं गेलं असतं, म्हणजे आपल्याला दिसेनासं झालं असतं. त्यांच्याकडे काय उरलं हे विचारायला मग ना लॉगिन, ना मागण्यांचा इतिहास. पुरावा आपल्याच हाताने फाडायचा. पुसायचं आहेच, पण आधी बघायचं, मग प्रत घ्यायची आणि मग पुसायचं. हा क्रम भिंतीवर लावलाय.

१ डिसेंबर, सोमवार

दादाला डब्लिनला फोन केला होता काल. म्हटलं, तुझ्याकडे युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर आहे, २०१८ पासून लागू आहे, तू कधी वापरलास का? नाही. कुणीच वापरत नाही म्हणे, सगळे कुकीच्या खिडकीवर 'ॲक्सेप्ट' दाबून मोकळे. ऑस्ट्रियातल्या मॅक्स श्रेम्सची गोष्ट मात्र त्याला माहीत होती. विद्यार्थी असताना, २०११ मध्ये, त्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली आणि बाराशेहून जास्त पानं आली. त्यात त्याने स्वतः पुसलेल्या गोष्टीही होत्या. तक्रारी त्याने आयर्लंडमध्येच केल्या, कारण फेसबुकचं युरोपातलं ऑफिस डब्लिनला.

एक प्रयोग ठरवला. हॉटेलं बुक करायच्या एकाच कंपनीत दादाचं आणि माझं, दोघांची खाती आहेत. आज दोघांनी शब्दशः एकच मागणी पाठवली. त्याची जीडीपीआरच्या कलम १५ खाली, माझी भारतातल्या नियमांखाली. जावक क्र. ३.

५ डिसेंबर, शुक्रवार

औषधवाल्यांकडून क्र. १ ला इंग्रजीत उत्तर. आपली गोपनीयता आम्हाला मोलाची वगैरे तीन वाक्यं, मग मुद्दा : ओळख पटवण्यासाठी आधार आणि पॅनची प्रत पाठवा.

ह्यांच्याकडे आईचं पॅन नाही. आधारही नाही. म्हणजे काय माहिती आहे हे सांगण्यासाठी आधी आणखी माहिती द्यायची, तीही नसलेली. ओळख पटवली पाहिजे हे मान्य. उद्या कुणीही उठून आईच्या नावाने चिठ्ठ्या मागवेल. पण खातं उघडताना पुरला तो ओटीपी आता का पुरत नाही? उत्तर लिहिलं, जावक क्र. ४ : नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवा, आम्ही याच ईमेलवर कळवतो. तरीही कागद हवाच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार देऊ. पॅन देणार नाही, त्याचा इथे संबंध काय ते लेखी कळवावे.

क्र. २ ला, म्हणजे कुणाला दिली या प्रश्नाला, अजून शब्द नाही. दोन्ही प्रश्न एका पत्रात असते तर आज 'उत्तर दिले' म्हणून तिकीट बंद झालं असतं. आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त कुकरची शिट्टी काढली.

१३ डिसेंबर, शनिवार

मधल्या वेळेत आईच्या गूगल खात्याची प्रत काढली. याला अर्ज-बिर्ज लागत नाही. गूगल टेकआउट म्हणून सोय आहे, आपण खुणा करायच्या, काही तासांनी उतरवायचा दुवा येतो. अकरा जीबी. दहा तर फोटोच, त्यातले बरेच सूर्योदय आणि सुविचार.

खरी गंमत 'माय ॲक्टिव्हिटी'मध्ये. आईने बोलून शोधलेलं सगळं तारीख-वेळेसह. २०१९, रात्री साडेअकरा : 'गुळाच्या पोळीचं सारण पातळ झालं तर'. २०२१, पहाटे चार : 'ऑक्सिजन नव्वद म्हणजे किती वाईट'. त्या रात्री मी पुण्यात होते. मला ती फोनवर 'ठीक आहेत, झोपलेत' म्हणाली होती.

पुढची पानं मी एकटीने वाचली नाहीत. तिला विचारलं, तर म्हणाली, "तूच बघ, मी ते जगले आहे."

आपोआप पुसण्याची मुदत ठरवता येते : तीन, अठरा किंवा छत्तीस महिने. आईने तीन निवडले. "आमच्याकडे ड वर्गाचा कागदसुद्धा वर्षभर ठेवतात," म्हणाली आणि मग तिची सगळी पद्धत सांगितली. अ वर्ग कायम. ब तीस वर्षं. क दहा. क-१ पाच. ड एक वर्ष. सहा गठ्ठ्यांतला शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. कागद जन्मला की त्याच दिवशी त्याच्या मरणाची तारीख ठरलेली. साताऱ्यातल्या ऑफिसात, लाल फडक्यात बांधून, हे होत होतं. पाळलं किती जायचं हा प्रश्न वेगळा. अभिलेख कक्षात वाळवीने नियमापेक्षा जास्त काम केलं, हेही तिनेच सांगितलं.

१५ डिसेंबर, सोमवार

पावणेदहा. बाबांच्या गोळ्या. आईने या वेळी पुसला नाही, स्क्रीनशॉट काढायला शिकली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दादाची फाइल आली, एकोणिसाव्या दिवशी. मुदत महिन्याची. झिप फोडली तर बावीस फाइली. बुकिंगं सोडा, २०१९ पासून शोधलेली गावं, कुठल्या फोनवरून, किती वाजता, कस्टमर केअरशी झालेलं प्रत्येक चॅट (एकदा तो चांगलाच भडकला होता, ते वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं), आणि माहिती ज्यांना दिली त्या कंपन्यांची नावनिशीवार यादी.

माझ्या मागणीला त्यांचं उत्तर तीन तारखेलाच आलंय : 'ॲपमधल्या माय ट्रिप्समध्ये तुमची माहिती बघू शकता.' तिथे तीन बुकिंगं दिसतात. एक रद्द केलेलं.

कंपनी एक, सर्व्हर बहुधा एकच, प्रश्न अक्षरशः एक. फरक फक्त कुठल्या कायद्याखाली विचारलं त्याचा. हे मला आधीपासून माहीत होतं, पण दोन फाइली शेजारी ठेवल्यावर राग आला.

२२ डिसेंबर, सोमवार

महिना काल झाला. क्र. १ ची प्रत नाही, क्र. २ ला उत्तर नाही. ओटीपीही आला नाही.

स्मरणपत्र क्र. १, जावक क्र. ५. आईच्या मते स्मरणपत्रात रागाचा एक शब्द नसावा. फक्त तारखा असाव्यात. तारखाच बोलतात. तसंच लिहिलं.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन लागला, मराठीत बोलता आलं, तक्रार क्रमांक लगेच मिळाला. जावक क्र. ६ म्हणून आईने तोही घेतला, जरी ते पत्र नव्हतं. नियमाला अपवाद केला म्हणून शेऱ्यात कारण लिहिलंय.

गुडघेवाल्यांचा नंबर १९०९ वरही कळवला. नको असलेल्या व्यावसायिक फोनची तक्रार आता सात दिवसांच्या आत करता येते, आधी डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत या यादीत, नाव नसलं तरी. आमचा पहिला फोन महिन्याभरापूर्वीचा, पण गेल्या गुरुवारी त्यांनी स्वतःहून पुन्हा केला. बरं केलं.

५ जानेवारी २०२६, सोमवार

आलं. ३० तारखेला ओटीपी आला होता, आज फाइल. १९१५ मुळे हललं की स्मरणपत्रामुळे, देव जाणे.

एक सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल, आणि चिठ्ठ्यांच्या फोटोंचं फोल्डर. सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा, ते युनिकोडचं दुखणं दुरुस्त केलं. आईच्या नावाखाली अकरा ओळी. 'सभासद २' खाली बाबा : वय ७१, रक्तदाब, मधुमेहपूर्व, दर अठ्ठावीस दिवसांनी एक मागणी, शेवटची ६ जून २०२२. बाबा १९ जूनला गेले. त्या पाकिटातल्या गोळ्या आईने नंतर दवाखान्यात नेऊन दिल्या होत्या.

ओळ तिथे संपत नाही. उजवीकडे सरकत गेले तर आणखी रकाने.

शेवटची मागणी : ०६-०६-२०२२
पाठवलेल्या आठवणी : ४६
प्रतिसाद : ०
पुढची आठवण : १२-०१-२०२६

आणि वय. वय ७१ नव्हतं आता. दरवर्षी एकाने वाढवत नेलं होतं, ७५.

आईने पडद्यावर बोट ठेवून तो आकडा बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "एवढं हिशेबाचं काम करतात, आणि छेचाळीस पत्रांना उत्तर नाही तर घरी माणूस आहे का, हे बघायला कुणी नाही." तिच्या टेबलावर तीन स्मरणपत्रांनंतर नस्ती साहेबांपुढे जायची.

क्र. २ चं उत्तरही त्याच मेलमध्ये : माहिती 'विश्लेषण, विपणन व आरोग्यसेवा भागीदारांना' दिली. नावं नाहीत. परवानगीचा दिनांक : खातं उघडल्याचा.

६ जानेवारी, मंगळवार

जावक क्र. ७ : विपणनासाठीची संमती मागे घेत आहे, नियम ५(७). जावक क्र. ८ : 'आरोग्यसेवा भागीदार' म्हणजे कोण, नावं द्या.

९ जानेवारी, शुक्रवार

पुसायला सांगण्याआधी आईला प्रत हवी. पडद्यावरची नाही, कागदावरची. बाबांच्या चिठ्ठ्या तेवीस आहेत. त्यांच्या डॉक्टरांचं अक्षर, मागे बाबांनी पेन्सिलीने केलेली बेरीज.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये निम्म्या पेठेची आधार कार्डं, लग्नाचे बायोडाटा, सातबारे, कुणाचा तरी एचआयव्हीचा रिपोर्ट. व्हॉट्सॲप वेब कायम उघडं. आम्ही दोन महिने कंपनीशी भांडतोय आणि इथे कुठला तक्रार निवारण अधिकारी! दुकानदार काका चांगले आहेत, त्यांना हे पाप वाटतच नाही. त्यांना विचारून मी सगळं फोल्डर रिकामं केलं, कचरापेटीसुद्धा. ते म्हणाले, "बरं झालं, जागा होत नव्हती."

आमचे कागद मात्र तिथे काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरचा प्रिंटर वापरणार.

१२ जानेवारी, सोमवार

पावणेदहाला सत्तेचाळिसावी आठवण. संमती मागे घेऊन सहा दिवस झालेत.

तेवीस चिठ्ठ्या आणि सीएसव्हीचं ते एक पान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावलं. मग जावक क्र. ९ : सभासद २ ची संपूर्ण नोंद आणि माझ्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे नष्ट करावीत, ज्या हेतूसाठी घेतली तो संपला आहे, नियम ५(४). काय नष्ट केले, काय ठेवले आणि जे ठेवले ते कोणत्या कायद्याखाली व किती काळ, हे कळवावे.

हा शेवटचा प्रश्न आईचा. 'सगळं पुसा' म्हणणं सोपं. त्यांना सगळं पुसता येत नाही, हे माझ्याच धंद्यामुळे मला माहीत आहे : जीएसटीखाली हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून बहात्तर महिने ठेवावीच लागतात. जून २०२२ चं बिल २०२२-२३ या वर्षातलं, विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२३, म्हणजे ते बिल डिसेंबर २०२९ पर्यंत राहणार. आई म्हणाली, "बिल राहू दे. बिलावर रक्तदाब लिहिलेला नसतो." औषधाचं नाव असतं, हे मी सांगितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकवासाठी आईला साडी. बिल करताना पोरगा म्हणाला, मोबाइल नंबर सांगा. आईने विचारलं, कशाला? "सिस्टीम घेत नाही त्याशिवाय." ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका. मी ते सांगायला तोंड उघडलं, तोवर आईने गल्ल्यावरच्या मालकाकडे बघून नुसतं म्हटलं, "साडी ठेवा मग." सिस्टीमने लगेच घेतलं.

तरी घरी आल्यावर जावक क्र. १०. जुन्या खरेदीत दिलेला नंबर काढून टाकण्याबाबत. पत्रच, साधं टपालाने.

२३ जानेवारी, शुक्रवार

दोन उत्तरं.

क्र. ८ : भागीदारांची नावं 'व्यावसायिक गोपनीयतेमुळे' देता येत नाहीत. आईने दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे माझी गोपनीयता त्यांच्याकडे, आणि त्यांचीही त्यांच्याचकडे."

आज इथे आमचं काही चालत नाही. २०११ च्या नियमांत परवानगीशिवाय देऊ नका असं आहे, पण कुणाला दिली त्यांची नावं सांगा असं नाही. परवानगी खातं उघडतानाच घेतली, हे ते म्हणत राहणार. नव्या कायद्याच्या कलम ११ मध्ये नावं सांगणं आहे. म्हणून वहीत शेरा : 'प्रतीक्षाधीन. मे २०२७ मध्ये पुन्हा.' आईने वहीच्या शेवटच्या पानावर नवीन यादी सुरू केली, हॉटेलवाल्यांचा क्र. ३ पण तिथे गेला. मे २०२७ मध्ये ती सत्तरीची होईल. हे तिनेच मोजलं.

क्र. ९ : चिठ्ठ्यांचे फोटो आणि सभासद २ ची नोंद '२१ जानेवारी रोजी नष्ट', बिलं करकायद्याखाली ठेवली, कालावधी 'कायद्यानुसार'. कालावधी आकड्यांत कळवा म्हणून जावक क्र. ११. मी म्हटलं, सोड ना आता. तिने सोडलं नाही.

ॲप उघडून पाहिलं. कुटुंबातल्या व्यक्तींमध्ये आता आईचं एकटीचं नाव, आणि खाली '+ सदस्य जोडा'.

९ फेब्रुवारी, सोमवार

चौथा सोमवार. पावणेदहाला काही आलं नाही. आई फोन घेऊन ओट्यापाशीच उभी होती, दहा वाजता तिने पोह्यांना फोडणी दिली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हॉट्सॲप वाजलं. त्याच कंपनीचं निळ्या खुणेचं खातं. बाबांचं नाव, गोळ्या, सूट.

माझी प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही. आई मात्र खुर्ची ओढून बसली. "दुसऱ्या टेबलावर नस्तीची प्रत राहिली असणार," म्हणाली. "मूळ नस्ती यांनी फाडली, पण ज्याला प्रत पाठवली होती त्याला कुणी कळवलंच नाही. आमच्याकडे पृष्ठांकन असायचं, प्रत कुणाकुणाला गेली ते खाली लिहिलेलं. रद्द करायचं तर त्या सगळ्यांना कळवायचं."

तिचं बरोबर आहे. एसएमएस एक कंपनी पाठवते, व्हॉट्सॲपचे संदेश दुसरी, दोघींकडे ग्राहकांच्या याद्या वेगळ्या चढवलेल्या असतात. मुख्य तक्त्यातली ओळ पुसल्याने त्या याद्या बदलत नाहीत. जाता जाता भागीदारातल्या एकाचं अस्तित्व आम्हाला लेखी मिळालं, तेही त्यांच्याच हातून.

व्हॉट्सॲपवर खाली 'ब्लॉक' होतं. बोट गेलं होतं माझं. आईने फोन काढून घेतला, आधी स्क्रीनशॉट घेतला, मग वही उघडली.

जावक क्र. १२. विषय : नष्ट केलेल्या नोंदीच्या प्रती आपल्या वतीने संदेश पाठवणाऱ्यांकडे शिल्लक असणेबाबत. संदर्भ : आपले दि. २३ जानेवारीचे पत्र. सोबत : छायाचित्र एक.